हसनमियांचा पाच माशांचा बेत

दुखानच्या मेसमध्ये हसनमियांच्या समोर बसून 'आज मासा छान झालाय' असं म्हणायची सोय नव्हती. ते हातातला घास ताटात ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि अगदी शांतपणे विचारत, "कुठला मासा?" समोरच्याला सांगता आलं नाही की त्याचं जेवण संपलं. हसनमियां त्याच्याच ताटातला काटा उचलून उजेडाकडे धरत आणि त्या माशाचं नाव, गाव, बापाकडचं कूळ, आईकडचं कूळ, स्वभाव आणि एखादी वाईट खोड, असं सगळं सांगून टाकत. तोवर रस्सा गार होऊन त्यावर तवंग गोठलेला असायचा.

"मासा म्हणू नको, पवारा," ते मला बजावत. "घरी पाहुणा आला तर माणूस आला म्हणतोस काय? कोण आला ते सांगतोस ना? मग माशानंच काय पाप केलंय?"

मी फलटणकडचा. आमच्याकडे मासे दोन प्रकारचे, नदीचे आणि सुके. त्यापलीकडे कुणी चौकशी केली नव्हती. साठ सालाच्या आसपास मुंबईहून टायपिस्ट म्हणून तेल कंपनीत लागलो आणि बोटीनं कतारला आलो, तेव्हा मला समुद्राचीच ओळख धड नव्हती, त्यातल्या रहिवाशांची कुठून असणार? कंपनीनं मला दुखानच्या स्टोअरमध्ये टाकलं आणि स्टोअरचे हेडक्लार्क म्हणजे हे हसनमियां मजगावकर, मूळ मुक्काम जिल्हा रत्नागिरी.

अंगानं काटक, वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर मोजून कंगव्याच्या एका फेरीपुरते केस. पाइप, व्हॉल्व्ह, गॅस्केट असा हजारो वस्तूंचा साठा त्यांच्या ताब्यात होता. प्रत्येक वस्तूच्या खणाला एक बिन कार्ड लटकवलेलं असे. वस्तूचं नाव, माप, जागा आणि शेवटी शेरा. हसनमियांनी तशीच कार्डं माशांची केली होती. टेबलाच्या खालच्या खणात, 'किरकोळ' असं लिहिलेल्या खोक्यात. एकदा ते नमाजाला गेले असताना मी चोरून एक काढलं. 'शअम. माप: नऊ ते चौदा इंच. जागा: झिक्रीतची खाडी. शेरा: लबाड. आमिष खातो, गळ खात नाही.' दुसऱ्यावर नुसतं 'शेरा: गर्विष्ठ' एवढंच होतं. आमच्या साहेबाचंही एक कार्ड त्यात आहे अशी स्टोअरमध्ये वदंता होती. मला ते सापडलं नाही.

आता त्या प्रसिद्ध बेताची गोष्ट. त्याला कारण झाला एक अमेरिकन ड्रिलर. हा बाबा एकदा ड्रिलचं टोक मागायला स्टोअरमध्ये आला आणि टोक सापडेपर्यंत गप्पा मारत बसला. त्याच्या मुलखात म्हणे ट्राउट नावाचा मासा असतो, डोंगरातल्या गार नद्यांत राहणारा. पण खोरं बदललं की त्याच माशाच्या अंगावरचे ठिपके बदलतात, गळ्याखालचा रंग बदलतो, आणि प्रत्येक खोऱ्याची आपली वेगळी पोटजात होते. हा दर सुट्टीत मेव्हण्याला मोटारीत घालून निघायचा आणि नदीनदीवर थांबत एकेक पोटजात पकडायचा. खिशातून त्यानं नकाशाही काढून दाखवला. पेन्सिलीच्या खुणांनी काळा झालेला. पकडल्यावर काय करता, असं हसनमियांनी विचारलं. फोटो काढतो आणि सोडून देतो, असं तो म्हणाला.

तो गेल्यावर चष्मा कपाळावर चढवून हसनमियां म्हणाले, "पकडून सोडून देतो? जामीन देतो काय माशाला?"

पण नकाशा त्यांच्या डोक्यात बसला. त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली की या आखातातही एका खानदानाचे पाच भाऊ आहेत. आपल्या कोकणातल्या खाडीत पालू मिळतो ना, त्याचेच हे भाऊबंद. पहिला शअम, पिवळ्या परांचा. दुसरा फस्कर, तोंडावर दोन काळे पट्टे, चोरासारखे. तिसरा कुरकुफान, वाळूत चरणारा आणि नावाप्रमाणेच किरकोळ. चौथा कोफर, तांबडालाल, खोल पाण्यातला, नवऱ्या मुलासारखा नटलेला. आणि पाचवा सुबैती, सगळ्यांत मोठा, सगळ्यांत ताकदीचा. तो थेट उत्तरेला, कतारच्या शेंडीवर, रुवैसच्या खडकांत. ईदच्या सुट्टीत गाडी घेऊन निघायचं आणि पाचही भाऊ एकाच फेरीत पकडायचे. विकत घ्यायचे नाहीत, आणि सोडायचे तर मुळीच नाहीत.

बेत टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. चार पानं, दोन कार्बन. तो मी एकूण अकरा वेळा टाइप केला. त्यात काय नव्हतं? 'सकाळी ८.३० ते ९.२० शअम.' 'दुपारी ११.४० ते १२.१० गाडी बंद पडणे.' 'दुपारी २.०५ ते २.१५ पवार यांना उलटी.' हे मी माझ्या हातानं टाइप केलं आहे. मी विचारलं, उलटी होणार हे कशावरून? ते म्हणाले, फलटणचा माणूस होडीत बसल्यावर दुसरं काय करणार? वेळ राखून ठेवलेली बरी.

एवढ्या काटेकोर कागदात एकच जागा मोकळी होती. रुवैस. तिथं वेळेच्या रकान्यात दर खेपेला 'पाहून ठरवणे' एवढंच असायचं. मी एकदा आपणहून '७ ते ९' टाइप केलं, तर त्यांनी पान परत पाठवलं.

गाडी आणि ड्रायव्हर म्हणजे जासिम. हा कतारी गृहस्थ तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. आता स्टोअरच्या फाटकावर पहारेकरी होता. त्याच्या मालकीची एक पिकअप होती. बुड्यांनी त्याचा एक कान अधू झाला होता आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईला केलेल्या खेपांमुळे हिंदी पक्की झाली होती. त्यामुळे तो सगळ्या जगाशी मोठ्या आवाजात हिंदी बोलायचा. गाव त्याचं रुवैसकडचं.

लागोपाठ तीन ईदा हा बेत ऐन वेळी रद्द झाला. पहिल्या वेळी चंद्र बरोबर नव्हता. ईद चंद्रावरच ठरते, तो आयत्या वेळी कसा बिघडला, हे मला कळलं नाही. दुसऱ्या वेळी उत्तरेचा वारा सुटेल असं हसनमियांच्या गुडघ्यानं सांगितलं. वारा सुटला नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी जासिमच्या टायरला लाथ मारली, टायर नरम आहे म्हणाले, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. टायर चांगला टणक होता, ते लंगडत गेले होते. मेसमध्ये यावर फार विनोद झाले. माझंही मत असंच होतं की या माणसाला प्रवासापेक्षा प्रवासाचा कागद प्यारा आहे.

चौथ्या ईदला मात्र आम्ही निघालो. ईदची नमाज झाली आणि नमाजाच्या कपड्यांतच जासिमनं हसनमियांना दंडाला धरून पिकअपमध्ये बसवलं. मला मागे टाकलं, गळ, डबे, बर्फाची पेटी आणि कोळंबीबरोबर.

झिक्रीतला पोचलो आणि पहिलाच घोटाळा झाला. हसनमियां गळ सोडायला योग्य खडक शोधत होते तेवढ्यात मी उगाच दोरी पाण्यात टाकली आणि तिला शअम लागला. आठ वाजून दहा मिनिटांनी. मला वाटलं शाबासकी मिळेल. हसनमियांनी घड्याळ पाहिलं, माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की एवढी घाई कुणाला होती, तुला की त्याला? मग नऊ वीस होईपर्यंत आम्ही तिथं नुसते बसून राहिलो.

दोह्याच्या रस्त्यावर अकरा चाळीस झाले आणि गाडी बंद पडेना. हसनमियां अस्वस्थ झाले. शेवटी त्यांनी जासिमला गाडी थांबवायला लावली आणि वाळवंटाच्या मधोमध, चालू स्थितीतल्या गाडीत, आम्ही अर्धा तास बंद पडून घेतलं. त्याच दिवशी दोह्याहून समैस्माला जाताना ती खरोखरच बंद पडली. तेव्हा हसनमियां खाली उतरले नाहीत. आपला वाटा झालेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी आणि जासिमनं ढकलली.

त्याआधी दोह्याच्या धक्क्यावर फस्कर मिळाला होता. कुरकुफानसाठी समैस्माच्या उथळ पाण्यात हसनमियां ईदचा नवा पायजमा गुडघ्यावर खोचून शिरले. गावातली निम्मी माणसं काठावर जमली. एका म्हाताऱ्यानं, कुरकुफानच हवा तर माझ्या टोपलीतला घ्या, ईद आहे, असं पोटतिडकीनं सांगून पाहिलं. हसनमियांनी छातीवर हात ठेवून त्याला 'शुक्रन' म्हटलं आणि पाण्यातच उभे राहिले. तासाभरानं वीतभर मासा घेऊन बाहेर आले, तेव्हा म्हाताऱ्याची टोपली त्यांच्याकडे बघून हसत होती असं मला वाटलं.

रात्रीचा मुक्काम खोरला, जासिमच्या मामेभावाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या होडीतून खोल पाण्यात गेलो आणि हसनमियांनी तांबडालाल कोफर वर ओढला. मला उलटी झाली, पण दोन पाचला नव्हे, पावणेआठलाच. मी माफी मागायला वळलो, तर त्यांचं लक्षच नव्हतं. एवढा देखणा कोफर पायाशी तडफडत होता आणि ते त्याच्याकडे बघतही नव्हते. वर्ष वर्ष ज्याची स्वप्नं पाहिली त्या माशाचं कूळ सांगितलं नाही, स्वभाव सांगितला नाही. उत्तरेकडे तोंड करून बसले होते.

काठावर आल्यावर त्यांनी दाढी केली. सकाळी एकदा झाली होती, परत केली. पेटीतून इस्त्रीचा सदरा काढला. कानामागे अत्तर लावलं. सुबैतीला अत्तर चालतं का, असं मी विचारलं. नेहमीचे हसनमियां असते तर त्यांनी मला पुढची वीस मैलं सोडलं नसतं. त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि गाडीत जाऊन बसले.

रुवैसकडे जाणारा रस्ता म्हणजे आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकांचे माग. दुपारी दूरवर घरं आणि होड्यांच्या डोलकाठ्या दिसायला लागल्या आणि हसनमियांनी गाडी थांबवायला सांगितली. मग सुरू झालं. या दिवसांत सुबैती इथं नसतोच म्हणाले. कोळंबी शिळी झाली म्हणाले. पवारचा चेहरा बघा किती उतरलाय, त्याला परत न्यायला हवं म्हणाले. माझा चेहरा उतरलेला होता हे खरं, पण तो सकाळपासूनच.

जासिमनं सगळं शांतपणे ऐकलं. मग गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "खलास, हसन. तेरा भाई घर में है. मैंने खबर भेज दिया है. वो जानता है तू आ रहा है."

मला काही कळेना. नऊ वर्षं हसनमियां कतारमध्ये होते, त्यांतली तीन मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली होती, आणि त्यांना भाऊ आहे हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. सगळी कहाणी त्यांनी तिथंच, पिकअपच्या पायरीवर बसून, वाळूकडे बघत सांगितली.

थोरला भाऊ इब्राहिम. गलबतं बांधणारा सुतार. लाकूड घेऊन आलेल्या एका गलबताबरोबर तो रुवैसला आला, इथल्या होड्यांचं काम मिळालं, इथल्याच बाईशी निकाह झाला आणि राहिला. मागे घरी आई गेली. कळवलेलं पत्र बोटींतून फिरत त्याला मिळालं तेव्हा दीड महिना उलटला होता. तो आला नाही. येऊन तरी काय करणार होता? पण हसनमियां तेव्हा रागात होते. आईच्या आजारपणात एकट्यानं जागलेले होते. त्यांनी भावाला लिहिलं, 'तू आईच्या मातीला आला नाहीस. आता माझ्या मातीलाही येऊ नकोस.'

"पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, काढावं," हसनमियां म्हणाले. "हात घातला आत. अडकला. पोस्टमन येईपर्यंत तसाच उभा होतो पेटीला लटकून. त्यानं हात सोडवला, पण पत्र नाय दिलं. आता हा सरकारी माल हाय म्हणाला."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. बारा वर्षं झाली. मधल्या काळात मुंबईत तेल कंपन्यांची भरती निघाली. कुवेतला जागा होत्या, बहारीनला होत्या, पगारही जास्त होता. हसनमियांनी कतार मागून घेतलं. आणि इथं येऊन नऊ वर्षं, एका दिवसाच्या वाटेवर, पाइप मोजत बसले.

"मी काय बोलू रे त्याला, पवारा?"

कधी नव्हे तो त्यांनी मला सल्ला विचारला होता. मी म्हणालो, "सुबैती कुठं मिळतो ते विचारा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग उठले, सदरा सारखा केला आणि गाडीत बसले. जासिमनं किल्ली लावली. "यल्ला," तो म्हणाला.

गावाच्या टोकाला, अर्ध्या बांधलेल्या होडीच्या सावलीत एक म्हातारा वाकसानं फळी तासत होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी कोण काम करतं? पण तो करत होता, आणि फळी तासून तासून कागदासारखी झाली होती. अंगात अरबी पायघोळ झगा, पण नाक अगदी हसनमियांचंच. हसनमियां दहा पावलांवर थांबले. सलाम केला. त्यानं सलाम घेतला. दोघंही उभे.

"हिकडं सुबैती कुठं लागतो?" हसनमियांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं वाकस खाली ठेवला. हात झग्याला पुसले. खूप वेळ लावून पुसले.

"आता भरती हाय," तो म्हणाला. "आता नाय लागायचा. ओहोटी लागू दे." फळकुटावरचा भुसा झटकत म्हणाला, "बस." आणि मग, "दाढी पिकली तुझी, हसन्या."

दुखानमध्ये ज्यांना साहेबसुद्धा 'मिस्टर हसन' म्हणायचा, त्यांना कुणीतरी हसन्या म्हटलेलं मी ऐकलं. पिकलेली दाढी त्यांनी त्या दिवशी दोनदा काढली होती. पण खुंटं पांढरी होती, आणि भावाला ती दिसली.

ओहोटी लागेपर्यंत आम्ही फळकुटांवर बसलो. दोघं भाऊ कोळंबीविषयी बोलले. ताजी बरी की मीठ लावलेली. मग दोरीविषयी, मग खडकांविषयी. पत्राविषयी अक्षर नाही. मी आणि जासिम माना डोलवत होतो. मध्येच इब्राहिमभाईंनी घराकडे वळून "मरियम" अशी हाक मारली आणि अरबीत काही सांगितलं. दहाबारा वर्षांची एक मुलगी कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर घेऊन आली. हसनमियांनी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"आईचं नाव?" त्यांनी विचारलं.

"हां," भाऊ म्हणाला. "पत्र आलं त्याच आठवड्यात झाली ही."

कुठलं पत्र ते कुणी विचारलं नाही. मुलगी चुलत्याच्या हातात पेला देऊन उभी राहिली आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

पाणी ओसरायला लागल्यावर इब्राहिमभाईंनी छोटी होडी लोटली. हसनमियां गळाच्या दोऱ्या आणि कोळंबीचा डबा घेऊन चढले. मीही सवयीनं उठलो, तर जासिमनं मागून माझी कॉलर धरली. "तू बैठ," तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा हळू ऐकला.

होडी खडकांपाशी जाऊन थांबली. काठावरून दोन डोकी दिसत होती. आधी बराच वेळ ती वेगवेगळ्या दिशांना होती. मग एक हात हलला. मग दुसऱ्याचा. पुढं पुढं दोघांचेही हात एकदमच हलायला लागले, भांडत असावेत तसे. एकदा इब्राहिमभाई उभे राहिले, होडी डचमळली आणि हसनमियांनी त्यांना झग्याला धरून खाली बसवलं. मग पुष्कळ वेळ कुणाचाच हात हलला नाही. जासिम खजूर खात होता, आणि तो समुद्राकडे बघायचं टाळत होता.

ऊन कलल्यावर होडी परत आली. बादली रिकामी होती. इब्राहिमभाई पाठ फिरवून होडी वर ओढायला लागले. गरजेपेक्षा जरा जास्तच जोर लावून. हसनमियांचे डोळे लाल होते आणि अत्तर लावलेल्या सदऱ्याचा खांदा ओला होता, तेवढाच, बाकी सदरा कोरडा.

मी विचारलं, "सुबैती?"

"नाय लागला," ते म्हणाले.

मी सामान आवरायला होडीत वाकलो. दोन्ही दोऱ्या जशा नेल्या तशा गुंडाळलेल्या होत्या. गळ बुचांत टोचलेलेच होते. डबा उघडून बघितला, तर कोळंबी एकही कमी झाली नव्हती. उन्हानं सगळी वाळून कडक झाली होती.

हसनमियां माझ्याकडे बघत होते. मी डब्याला झाकण लावलं.

"पाणी गढूळ असेल," मी म्हणालो.

"हां," हसनमियां म्हणाले. "फार गढूळ होतं."